घरच्यांचं मत

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, असं मी म्हटलं आणि त्या रविवारी नव्यानेच आलेल्या दोन मुलींनी खुर्च्या पुढे ओढल्या. हे असंच होतं. विश्वास ठेवा म्हटलं की माणसं हाताची घडी घालून मागे रेलतात, आणि बसणार नाही म्हटलं की पुढे सरकतात. मी आयुष्यभर कवळ्या बनवल्या. खोटी गोष्ट माणसाच्या तोंडात अशी चपखल बसवायची की त्याने त्या कवळीने शेंगदाणे फोडावेत आणि वर आरशात बघून हसावं, हा माझा धंदा होता. त्यामुळे कुठली गोष्ट कुठे टोचेल ते मला आधीच कळतं.

आमचं मंडळ वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतं. खाली वर्तमानपत्रवाले खोकत असतात, वर आम्ही. अलीकडे वाचलेली एखादी विज्ञानकादंबरी, नाहीतर जादूगार, ड्रॅगन, शापित राज्यं असलेली कादंबरी घेऊन यायचं आणि तिच्याबद्दल आपलं मत सांगायचं, एवढंच काम. नियम दोनच. शेवट फोडायचा नाही, आणि 'छान आहे' म्हणायचं नाही. ज्याच्या तोंडून 'छान आहे' निघेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. भांडायला मात्र पूर्ण मुभा. एका ड्रॅगनच्या पंखांवरून फिजिक्सचे सर आणि मी अख्खा उन्हाळा एकमेकांशी बोलत नव्हतो.

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, की आज मी माझं मत आणलेलं नाही, लिफ्टवाल्यांचं आणलंय. मुलींनी विचारलं, कोण लिफ्टवाले. सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. ग्रंथपालबाई एका निखळलेल्या पुस्तकाच्या पाठीला ब्रशने डिंक लावत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मग सगळं पहिल्यापासून सांगणं भागच होतं.

लिफ्टवाले म्हणजे आमच्या मंडळाचा सगळ्यात शांत माणूस. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. काम संपल्यावर गच्चीवरच्या मशिनरूममध्ये, मोटार थंड होईपर्यंत, डबा उघडून पुस्तक वाचायचे. त्यांनी परत केलेलं पुस्तक बाई डोळे मिटून ओळखायच्या, कारण पानांना ग्रीसचा वास यायचा. कोपऱ्यांवर काळा अंगठा उमटलेला असायचा, आणि जिथे कथा रंगली तिथे तो अंगठा पुसट, घाईत उमटलेला. मत सांगायची त्यांची एक रीत होती. कितीही मोठं पुस्तक असो, ते एकच शंका काढायचे. हजार मजल्यांच्या बुरुजात राहणाऱ्या म्हाताऱ्या जादूगाराबद्दल सगळे भारावून बोलत होते, तेव्हा यांनी विचारलं, त्याच्या गुडघ्यांचं काय. पिढ्यान् पिढ्या अंतराळात चाललेल्या जहाजावरची कादंबरी होती, तेव्हा म्हणाले, ह्या जहाजात दर पानावर कोणीतरी राजद्रोह करतंय, पण तेलपाणी करताना एकही माणूस दिसला नाही. सर चिडायचे. म्हणायचे, अहो, साहित्य आहे ते, मेंटेनन्सचं कंत्राट नाही. लिफ्टवाले मान डोलवायचे आणि खिशातून घडी केलेला रुमाल काढून घाम पुसायचे. तो घाम बोलण्याचा असायचा. चार माणसांत बोलायचं म्हणजे त्यांना संकट वाटायचं.

मग आपलं मत संपलं की ते थोडं थांबायचे, आणि म्हणायचे, "आणि घरच्यांचं मत असं आहे."

तेव्हा मात्र सगळे सरसावून बसायचे.

घरचे म्हणजे त्यांची बायको. आम्ही तिला वहिनी म्हणायचो, पण आमच्यापैकी कोणी तिला धड पाहिलेलं नव्हतं. ती घरी बसून लोकांचे कपडे उसवून, कमीजास्त करून द्यायची. हे जेवल्यावर खुर्ची टाकून मोठ्याने वाचायचे, ती पायाने मशीन चालवत ऐकायची. पटत असेल तोवर मशीन चालू. पटलं नाही की मशीन थांबायचं. लिफ्टवाले सांगायचे, वाचताना मशीनचा आवाज मला ऐकूच येत नाही, थांबला की कळतं, की चला, आता आपली धडगत नाही. मग ती बोलायची. आणि काय बोलायची. काळाच्या मागे जाऊन मेलेल्या नवऱ्याला परत आणणाऱ्या बाईची कादंबरी आम्ही डोक्यावर घेतली होती, त्यावर तिचा निरोप आला, की त्याला परत यायचं आहे का, हे ह्या भवानीने त्याला एकदा तरी विचारलं का. सर तिच्यावर जाम खूश होते आणि जाम खारही खाऊन होते. रविवारी इथून तिला उलट उत्तरं जायची आणि पुढच्या रविवारी त्यांची चिरफाड होऊन यायची. इथल्या वीसेक पायऱ्या कधीच न चढलेली ती बाई आमच्या मंडळात सगळ्यात जास्त बोलायची.

मग ती गेली. साधा ताप आला, उतरला असं वाटलं, आणि गेली.

लिफ्टवाले बरेच रविवार आले नाहीत. आले तेव्हा आधीच्याच खुर्चीवर बसले. पाळी आली तेव्हा त्यांनी एका नव्या कादंबरीबद्दल सांगितलं, समुद्राच्या तळाशी वसलेल्या शहराची होती ती. त्या शहरात छत्र्या का विकतात, अशी त्यांची शंका होती. आम्ही हसलो, बरं वाटलं. मग ते थोडं थांबले.

"आणि घरच्यांचं मत असं आहे," ते म्हणाले.

ती कादंबरी वहिनी गेल्यानंतर वाचनालयात आली होती. गठ्ठ्याची सुतळी बाईंनी आमच्यासमोर कापली होती.

लिफ्टवाले सांगत राहिले. मत वहिनीचंच होतं. बोलण्याची ढब, वाक्याच्या शेवटी मारायचा टोला, सगळं तेच, आणि असलं मत लिफ्टवाल्यांना सात जन्मांत सुचलं नसतं. ते संपल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मीच म्हटलं, वहिनींचं बरोबर आहे. लगेच सर म्हणाले, अगदी बरोबर. बाईंनी मान हलवली.

ही आमची चूक झाली. आणि ती निदान आम्ही तरी करायला नको होती, कारण एरवी 'छान आहे' म्हणणाऱ्याला कप विसळायला लावणारी माणसं आम्ही. दुःखात असलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा, म्हणून दर रविवारी घरच्यांचं मत आलं की सगळे माना डोलवायचो. बरोबर आहे. अगदी पटलं. क्या बात है. आणि दर रविवारी ते मत आखूड होत गेलं. आधी पाच-सहा वाक्यं असायची, मग दोन, मग एकच, तेही कोणी पोस्टकार्डावर लिहून पाठवल्यासारखं कोरडं. लिफ्टवाल्यांचे गाल आत गेले. मी कवळीवाला, मला गाल लगेच दिसतात.

एकदा जिन्यात त्यांनी माझी बाही धरली. म्हणाले, तुम्ही त्यातल्या त्यात भांडकुदळ आहात, म्हणून तुम्हाला सांगतो.

"तुम्ही सगळे होला हो करता. तिला कशाला करमेल मग? मशीन थांबतच नाही हो आता."

मी विचारलं, कुठलं मशीन. तर म्हणाले, तेच. मी वाचायला बसतो, ती चालवते. पूर्वी थांबायची, बोलायची. आता नुसतं चालू असतं आणि लांब लांब जात चाललंय. आधी खोलीत होतं. मग स्वयंपाकघरातून यायला लागलं. परवा तर समोरच्या इमारतीत कोणीतरी शिवत बसल्यासारखं वाटलं. अजून थोडं लांब गेलं, की मग काय ऐकू येणार आहे.

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जसं एखाद्याने सांगावं की लिफ्ट तळमजल्याच्या खाली चार बोटं जाऊन थांबते.

मी त्यांच्या घरी गेलो. भर दुपारी गेलो, हे लक्षात ठेवा; खोलीत लख्ख ऊन होतं, खिडकीखाली कोणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं. भुताखेताला सोयीचं असं तिथे काही नव्हतं. मशीन कोपऱ्यात होतं. त्यावर फुलाफुलांचं कव्हर होतं आणि चाकाचा पट्टा काढून खिळ्याला अडकवलेला होता. मी तो हातात घेऊन पाहिला. पट्ट्याशिवाय मशीन चालणं म्हणजे वाटीत काढून ठेवलेल्या कवळीने कोणाला शिव्या देणं.

लिफ्टवाल्यांनी चहा केला, खुर्ची टाकली आणि वाचायला सुरुवात केली. मघाशी सांगितली तीच, मेलेल्या नवऱ्याला परत आणणाऱ्या बाईची कादंबरी. चांगलं वाचतात हो ते. मंडळात घाम फुटणारा माणूस, घरात राजासारखा वाचत होता. मी कान देऊन बसलो. त्यांचा आवाज सोडून मला काहीही ऐकू आलं नाही. मनात म्हटलं, बिचारा. एका पानाशी ते थांबले आणि हळूच म्हणाले, इथे ती थांबवायची.

मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी कोपऱ्याकडे बघून मोठ्याने म्हणालो, "वहिनी, मला हे पुस्तक आवडलं. तुम्ही ह्या बाईवर उगाच डाफरलात. तुमची बाजू साफ चुकीची होती."

आणि ते थांबलं.

काय थांबलं, ते मला सांगता येत नाही. फ्रीज बंद पडला की कसं होतं? तोवर तो चालू होता हे आपल्याला ठाऊकच नसतं, आणि एकदम कान हलके होतात. तसं झालं. इथे मंडळातल्या त्या दोन नव्या मुलींपैकी चष्मेवाली मला अडवून म्हणाली, की मग फ्रीजच असेल. मी म्हटलं, बाळे, मी पण तोच बघितला. एकटा माणूस, बाहेर जेवायचा. फ्रीजचं दार कपडा लावून उघडं ठेवलेलं होतं, आणि प्लग जमिनीवर पडलेला होता.

लिफ्टवाले पुस्तक मांडीवर पालथं घालून ऐकत होते. माझं नव्हे. मान किंचित तिरकी, ओठांवर हसू, बायकोची बोलणी खाणाऱ्या नवऱ्याचं असतं तसं. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्या अकलेबद्दल बरंच काही आहे, रविवारी सांगतो. आणि रविवारी त्यांनी सांगितलं. पाव तास सांगितलं. मला इतकं टाकून त्याआधी कोणी बोललं नव्हतं, माझ्या सासूसकट.

तेव्हापासून आम्ही पुन्हा भांडायला लागलो. सरांना काही समजावून सांगावं लागलं नाही, ते कधीचे वळवळत होते. बाईंनीसुद्धा एकदा डिंकाचा ब्रश उगारून वहिनीला खडसावलं. लिफ्टवाल्यांचे गाल भरले.

पण मी पडलो मुळातला खोडकर. मला वाटायला लागलं, हा माणूसच सगळं रचत असेल तर? पुस्तक वाचतो, बायको काय म्हणाली असती ते त्याला पाठ आहे, मशीन-बिशीन सगळं त्याच्या कानात. माझ्या कानांनी उगाच त्याची री ओढली. तेव्हा मी एक पुस्तक बनवलं. म्हणजे मंडळात सांगितलं, की माझ्या पुतण्याने परदेशातून एक कादंबरी पाठवली आहे, पानं सुटी झालीत म्हणून कोणाला देत नाही, पण दर रविवारी एकेक प्रकरण सांगेन. असं पुस्तक जगात नव्हतं. पुतण्याही नव्हता. एक शहर होतं, जिथे दुपारी माणसांच्या सावल्या सुटून जमिनीखालच्या कारखान्यात कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. एका इस्त्रीवाल्या बाईची सावली एके दिवशी परत आलीच नाही. ती तिला शोधायला निघते. रविवारी सकाळी आंघोळ करताना मी पुढचं प्रकरण ठरवायचो आणि दुपारी ठोकून द्यायचो.

दोन प्रकरणं झाली. तिसऱ्या रविवारी मी तोंड उघडायच्या आत लिफ्टवाले म्हणाले, घरच्यांचं एक म्हणणं आहे. आज तुम्ही सांगणार आहात, की त्या बाईला सावली सापडते आणि सावली तिला ओळखत नाही. ते तिला पटलेलं नाही. सावली ओळखते. ओळखूनच तोंड फिरवते.

मी त्याच सकाळी डोक्यावर तांब्या ओतताना हेच ठरवलं होतं. सावली तिला ओळखत नाही. कोणाला सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. घरात सांगायला कोणी नाही.

पण माघार घेईन तर मी कसला. मी म्हटलं, वहिनींना सांगा, पुस्तक माझ्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. लिफ्टवाल्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. म्हणाले, "ती म्हणते, पुस्तक तुमच्याकडेही नाही. पण बंद करू नका."

तिथून पुढे त्या इस्त्रीवालीची कथा आम्ही दोघांनी भांडून पुढे नेली, मी आणि वहिनीने. माझं म्हणणं, सावली आता तिथे रमली आहे, तिला तिच्या कामाला राहू दे, बाईने एकटीने घरी जावं. वहिनीचं म्हणणं, रमली कसली, ओढून आणा तिला, जिची आहे तिच्या पायाशी बांधा. कित्येक रविवार हे चाललं. सरांनी माझी बाजू घेतली, बाईंनी तिची. दोन्हीकडून कोणी हटेना. आणि मग एका रविवारी लिफ्टवाले आले, ते दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. त्यांनी स्वतःचं मत सांगितलंच नाही.

"घरच्यांना पटलं," म्हणाले. "तुमचंच बरोबर, म्हणाली. बाईने एकटीने घरी जावं."

आमच्यापैकी कोणाला आनंद झाला नाही. सरांनी उसनं अवसान आणून एक आक्षेप काढला, दुसरा काढला. लिफ्टवाल्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, की आता सांगून उपयोग नाही, ती निघून गेली. मग ते उठले आणि त्यांनी आमचे सगळ्यांचे कप विसळले. कोणी काही म्हटलं नव्हतं तरी.

मुलींपैकी चष्मेवालीने विचारलं, मग त्यांचं पुढे काय झालं. मी सांगितलं, काय व्हायचंय, त्यांची बहीण दुसऱ्या गावी असते, तिच्याकडे राहायला गेले. मजेत आहेत. तिथेही पुस्तकं मिळतात. दर शनिवारी मला फोन करतात, आठवड्यात काय वाचलं ते सांगतात, आणि म्हणतात, मंडळात माझं मत मांडा आणि लोक काय म्हणतात ते मला कळवा. जरा कडक बोलायला सांगा. तेव्हापासून मी त्यांचं मत आणतो. हल्ली मीही घरी मोठ्याने वाचतो. सवय लागली आहे. माझ्याकडे मशीन नाही, फ्रीज आहे तो धडधाकट आहे. पण वाचता वाचता कधी कधी एखाद्या पानाशी कान हलके होतात, तेव्हा मी थोडा थांबतो, इतकंच.

तर ह्या शनिवारचं त्यांचं मत असं आहे, मी म्हटलं. ती नवी कादंबरी आहे ना, दूरच्या चंद्रावर रेडिओ केंद्र सांभाळणाऱ्या बाईची. पृथ्वीवरून उत्तर यायचं कधीचं बंद झालंय, तरी ही रोज ठरलेल्या वेळी बसून बोलते, आज काय केलं, यंत्रात काय बिघडलं, सगळं सांगते. लिफ्टवाले म्हणतात, हा शुद्ध वेडेपणा आहे. पलीकडे कोणी नाही हे कळल्यावर शहाण्या माणसाने खटका खाली करावा आणि वीज वाचवावी. मी म्हटलं, त्यांचं मला पूर्ण पटलं, तुमचं काय ते बोला.

सर अजून खिडकीबाहेरच बघत होते. ग्रंथपालबाईंनी ब्रश डिंकाच्या वाटीत ठेवला, हात पुसले, आणि खुर्ची उचलून थेट माझ्यासमोर आणून ठेवली. माझ्या नजरेला नजर देऊन बसल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "लिफ्टवाल्यांची बहीण मागेच येऊन त्यांच्याकडची पुस्तकं परत करून गेली. ते वारल्याचं तिनेच सांगितलं. ही कादंबरी आपल्याकडे त्याच्या नंतर आली. त्यांनी ती वाचलेली असणं शक्य नाही, तुम्हाला कोणाचाही फोन येत नाही, आणि हे त्यांचं म्हणून जे मत तुम्ही आणलंय ना, ते मला अजिबात पटलेलं नाही."